जुन्या खेळयंत्रांवरील चित्रपट्ट्या



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय विचारला, तेव्हा आम्ही 'जुन्या व्हिडिओ खेळयंत्रांवरील चित्रपट्ट्या' असे सांगितले. आम्ही थट्टा करीत आहोत असेच त्यांना प्रथम वाटले. ज्याचे आयुष्य कामगार संघटनेत गेले त्याने बोनस, कंत्राटी पद्धत, फार तर गिरण्यांच्या जमिनी यांवर बोलावे अशी लोकांची समजूत असते. ती चुकीची आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु वस्तू पाहिली की ती कोणी केली, किती वेळात केली आणि त्याला काय मिळाले, हे विचारण्याची खोड आम्हांस लागलेली आहे. त्या खोडीपायी आम्ही या विषयाकडे ओढले गेलो. आम्ही कॉलेजात गेलेलो नाही. जे पुढे सांगणार आहोत ते वाचून, विचारून आणि काही अंशी एका दुकानात स्टुलावर बसून मिळविलेले आहे.

ते दुकान आमच्या संघटनेच्या एका जुन्या सभासदाचे. पूर्वी ते स्क्रीन प्रिंटिंगच्या कारखान्यात होते. कारखाना बंद पडल्यावर त्यांनी रेडियमचे दुकान टाकले. रिक्षाच्या पाठीवरची देवांची नावे, मोटारसायकलींच्या टाक्यांवरचे पट्टे, नंबरप्लेटी, असा त्यांचा धंदा. एके दिवशी आम्ही तेथे वर्गणीच्या पावत्या लिहीत बसलो असता अमेरिकेहून परतलेला एक तरुण एक चपटे काळे यंत्र घेऊन आला. यंत्राच्या पुढच्या बाजूस लाकडी फळी दिसत होती आणि तिचा एक कोपरा कागदासारखा सुटून वळला होता. ती फळी नवी करून हवी, असे त्याचे म्हणणे. आमच्या मित्राने नखाने कोपरा उचलून पाहिला आणि म्हणाले, "भाऊ, हे लाकूड नाही. लाकडाचा फोटो आहे."

ते यंत्र म्हणजे अमेरिकेतील अटारी कंपनीने १९७७ साली बाजारात आणलेले घरगुती खेळयंत्र होते. त्याच्या कपाळावर लाकडाचा फोटो का आला हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल, कारण वस्तूवर हाताने न रंगवता चित्र उतरविण्याची विद्या या यंत्राहून दोनशे वर्षांहून अधिक जुनी आहे.

इंग्लंडातील लिव्हरपूल शहरात जॉन सॅडलर आणि गाय ग्रीन असे दोघे छपाईकार होते. तांब्याच्या कोरीव पत्र्यावर शाई भरायची, तिचा ठसा पातळ कागदावर घ्यायचा, आणि तो ओला ठसा मातीच्या चकचकीत फरशीवर दाबून मग भट्टीत पक्का करायचा, ही रीत त्यांनी बसविली. २७ जुलै १७५६ रोजी या दोघांनी, इतर कोणाची मदत न घेता, सहा तासांत बाराशेहून अधिक फरशा छापल्या, आणि तसे शपथपत्र पुढे करून दिले. त्या शपथपत्रात एक वाक्य असे आहे की, शंभर कुशल रंगारी तेवढ्या वेळात जितके काम करतील त्याहून हे काम संख्येने अधिक आणि दर्जाने सरस आहे. इतिहासाची पुस्तके हे शपथपत्र शोधाचा पुरावा म्हणून छापतात. आम्ही ते वाचले तेव्हा आमचे लक्ष त्या शंभर रंगाऱ्यांकडे गेले. साक्षीला त्यांना कोणी बोलाविले नव्हते. त्यांची संख्याच तेवढी कागदावर आली, आणि तीही त्यांची गरज उरली नाही हे सांगण्यासाठी. आम्ही यंत्राचे शत्रू नाही. स्वस्त फरशीमुळे अनेकांच्या घरी चित्र पोहोचले हेही खरे. पण या विद्येच्या जन्मपत्रिकेतच हा हिशेब लिहिलेला आहे, आणि पुढची हकीकत ऐकताना तो ध्यानी ठेवावा.

एकोणिसाव्या शतकात शिळाछापाच्या मदतीने हे तंत्र अधिक सोपे झाले. कागदावर डिंकासारखा पाण्यात विरघळणारा थर, त्यावर छापलेले चित्र. कागद भिजवला की चित्र सुटे होते आणि हव्या त्या पृष्ठभागावर सरकवून बसविता येते. यालाच इंग्रजीत डेकल म्हणतात. आम्ही येथे चित्रपट्टी म्हणू. आपल्यापैकी ज्यांच्या घरी आजीचे शिवणयंत्र असेल त्यांनी ती पाहिलेली आहे. सिंगर कंपनीच्या काळ्या कुळकुळीत यंत्रावरची सोनेरी वेलबुट्टी, कुठे स्फिंक्सचे तोंड, ही सारी चित्रपट्टीच. सिंगरचा हिंदुस्थानातील व्यापार बराच काळ मुंबईतील एका पारशी एजंटाच्या हाती होता, आणि त्या यंत्रांनी आपल्याकडे किती विधवांची आणि किती शिंप्यांची घरे चालविली याची गणती नाही. जुने यंत्र नीट पाहा. उभ्या खांबावरची सोनेरी नक्षी शाबूत असते. सुईच्या पुढच्या सपाट भागावरची, जेथून कापड सरकते आणि जेथे बाईचा डावा तळवा टेकतो, तेथली पुसून गेलेली असते. पुसलेल्या नक्षीवरून यंत्र किती चालले याचा अंदाज बांधता येतो. चित्रपट्टी प्रथम कोठे झिजते, हा प्रश्न पुढे खेळयंत्रांच्या बाबतीतही येणार आहे.

सिंगरचे नाव निघाले आहे तर एक आडवाट घेतो, ती आम्हांस टाळवत नाही. स्कॉटलंडमधील क्लाइडबँक येथील सिंगरच्या प्रचंड कारखान्यात मार्च १९११ मध्ये संप झाला. त्याची सुरुवात केली ती यंत्रांच्या लाकडी पेट्यांना पॉलिश करणाऱ्या बारा बायकांनी. त्यांच्यातील तिघींना दुसरीकडे हलवून त्यांचे काम या बारा जणींवर टाकले आणि मजुरीस कात्री लावली. बारा जणी उठल्या, आणि पाहता पाहता सुमारे ११,००० कामगार बाहेर पडले. संप एप्रिलमध्ये मोडला आणि पुढे काही शेकडा कार्यकर्त्यांना कामावरून कमी करण्यात आले. आम्ही हे सांगतो ते अशासाठी की, यंत्राची शोभा हा कारखान्यात शेवटी येणारा, दुय्यम समजला जाणारा विभाग. क्लाइडबँकला ठिणगी मात्र तेथूनच पडली.

आता खेळयंत्रांकडे येऊ. १९७२ साली अमेरिकेत मॅग्नाव्हॉक्स कंपनीने ओडिसी नावाचे पहिले घरगुती खेळयंत्र विकावयास काढले. राल्फ बेअर या अभियंत्याच्या कल्पनेतून ते झाले. टेलिव्हिजनच्या पडद्यावर ते काही पांढरे ठिपके आणि एक उभी रेघ दाखवू शके. याहून अधिक नाही. मग टेनिसचे मैदान कोठून आणायचे? कंपनीने पारदर्शक प्लॅस्टिकवर रंगीत चित्रे छापली आणि ती पेटीत घालून दिली. खेळणाऱ्याने ती पडद्याच्या काचेवर चिकटवायची. काचेवरच्या स्थिर विजेने ती धरून राहत. लहान आणि मोठ्या पडद्यांसाठी दोन मापांचे संच होते. म्हणजे घरगुती व्हिडिओ खेळाच्या पहिल्याच दिवशी, खेळातील चित्र यंत्र देत नव्हते. ते छापखान्याचा कामगार देत होता. १९७८च्या स्पेस इन्व्हेडर्स या प्रसिद्ध जपानी खेळातही पडदा काळा-पांढराच होता आणि रंग दिसत ते काचेवर लावलेल्या रंगीत पट्ट्यांमुळे.

अटारीच्या यंत्राचे कवच डग्लस हार्डी आणि फ्रेडरिक थॉम्प्सन या रचनाकारांनी आखले. किंमत १९९ डॉलर. बरोबर नऊ खेळ निघाले, ते वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या पेट्यांत. आपल्याकडे मुले नंतर अशा पेटीला कॅसेट म्हणू लागली. यंत्राची कामचलाऊ स्मृती १२८ बाइट, म्हणजे या परिच्छेदातील दोन ओळीसुद्धा तिच्यात मावणार नाहीत. असे हे नवलाचे यंत्र, आणि त्याला वेष दिला तो अक्रोडाच्या फळीचा. कारण उघड आहे. त्या काळी अमेरिकेतील मध्यमवर्गीय दिवाणखान्यात टेलिव्हिजन, रेडिओ, ग्रामोफोन हे सारे लाकडी कपाटांत बसत. परके यंत्र त्यांच्यात बसवायचे तर त्याने घरच्यासारखे दिसले पाहिजे. खरे लाकूड महाग आणि साच्यात ओतता येत नाही. म्हणून काळ्या प्लॅस्टिकवर लाकडाच्या रेषांची पातळ पट्टी. नव्या सुनेने सासरच्या चालीचे लुगडे नेसून उंबरा ओलांडावा, तसा तो प्रकार होता. १९८२ साली यंत्राचे नाव बदलून २६०० झाले आणि लाकडाची पट्टी जाऊन ते संपूर्ण काळे झाले. तोवर ते घरात रुळले होते. लुगड्याची गरज उरली नव्हती.

त्यात एक गंमत अशी की, सिअर्स या मोठ्या दुकानदार कंपनीसाठी अटारी हेच यंत्र दुसऱ्या नावाने करून देत असे. आतले तारांचे जाळे तेच. बदलली ती कपाळपट्टी आणि नाव. खेळांचीही तीच गत. कॉम्बॅट नावाचा खेळ सिअर्सच्या पेटीवर टँक प्लस झाला. एकाच खेळाला दोन बारशी, आणि दोन्ही छापखान्यात लागलेली.

कॅसेटवर प्रथम नुसती अक्षरे होती; नंतर तेथे रंगीत चित्रे आली. ही चित्रे भाडोत्री नक्कलकारांची नव्हती. क्लिफ स्पोन, सुझन जेकेल अशा कसलेल्या चित्रकारांनी रंगांनी काढलेली ती चित्रे पुठ्ठ्याच्या खोक्यांसाठी केलेली होती आणि लहान करून कॅसेटच्या पट्टीवर छापली जात. अटारीचे तीन रेषांचे बोधचिन्ह, ज्याला लोक फुजी म्हणतात, ते जॉर्ज ऑपरमन यांचे. पडद्यावर चार चौकोन हलत असत. कॅसेटवर मात्र रणगाडे धूळ उडवीत असत. मुलाने आधी पट्टी पाहायची, मग डोळ्यांत ते चित्र ठेवून चौकोनांकडे पाहायचे. आम्ही हिला फसवणूक म्हणत नाही. आपल्याकडे नाटकात एक खुर्ची ठेवून राजवाडा म्हणतात, त्यातलाच तो करार होता. फसवणूक पाहायची असेल तर १९९०च्या दशकात आपल्या गावोगाव विकल्या गेलेल्या नकली यंत्रांच्या कॅसेटी आठवा; पट्टीवर ९९९९ खेळ, आत तेच तेच दहापंधरा.

आता नावाचा प्रश्न. अटारीच्या पट्टीवर खेळ तयार करणाऱ्याचे नाव नसे. १९७८ पासून कंपनीचा कारभार रे कासार यांच्याकडे आला. हे गृहस्थ पूर्वी बर्लिंग्टन इंडस्ट्रीज या मोठ्या कापड कंपनीत होते. गिरणीचा माणूस म्हणून आम्हांस त्यांच्याविषयी कुतूहल वाटले. डेव्हिड क्रेन हे तेव्हा अटारीत खेळ रचीत असत. त्यांनी पुढे सांगितलेली हकीकत अशी: कोणता खेळ किती विकला याचा तक्ता कंपनीने वाटला. त्यांनी आणि त्यांच्या तीन सोबत्यांनी बेरीज केली, तेव्हा एका वर्षाच्या सुमारे १० कोटी डॉलर विक्रीपैकी ६ कोटी चौघांच्या खेळांचे निघाले. पगार वर्षाला वीस-तीस हजार. नाव द्या, वाटा द्या, असे मागण्यास ते गेले असता कासार यांनी उत्तर दिले की, कॅसेट जुळविणारा कामगार जितका महत्त्वाचा तितकेच तुम्ही महत्त्वाचे, अधिक नाही. चौघे बाहेर पडले आणि १९७९ साली त्यांनी ॲक्टिव्हिजन ही कंपनी काढली. तिच्या खोक्यांवर रचनाकाराचे नाव असे आणि माहितीपत्रकात त्याचे छायाचित्रही.

ही गोष्ट जेथे जेथे सांगितली जाते तेथे श्रोते कासार यांना हसतात. आम्हीही हसलो, पण थोडे थांबून. त्या उत्तरात अपमान कोणाचा झाला? चौघांचा झालाच. पण त्याहून अधिक, जुळणी करणाऱ्या कामगाराचा. 'तू शून्य आहेस' हे सांगण्यासाठी त्याचे माप वापरण्यात आले. आणि चौघांनीही, आम्हांस जितके वाचावयास मिळाले त्यावरून, त्या कामगाराचाही वाटा मागितल्याचे दिसत नाही. कासार यांचे वाक्य एका मालकाने दोन वर्गांना एकमेकांपासून तोडण्यासाठी वापरलेले जुने हत्यार आहे; ते आमच्यावरही अनेकदा चालले आहे, फक्त खात्यांची नावे निराळी. वॉरन रॉबिनेट यांनी वेगळा मार्ग काढला. त्यांच्या ॲडव्हेंचर या खेळात त्यांनी एक गुप्त खोली केली आणि तीत आपले नाव लिहून ठेवले, कंपनीस न सांगता. १९८० साली सॉल्ट लेक सिटीतील पंधरा वर्षांच्या एका मुलास ती सापडली. देवळाच्या पायरीखाली आपली खूण कोरून ठेवणारा पाथरवट आम्हांस येथे आठवला.

घरगुती यंत्रांच्या बरोबरीने बाजारात नाणे टाकून खेळायची माणूसभर उंचीची कपाटे होती. त्यांच्या दोन्ही बाजूंना मोठी चित्रे, हाताजवळ नक्षीची पट्टी, माथ्यावर दिव्याने उजळणारा फलक. बाजूची चित्रे व्हिनाइलवर स्क्रीन प्रिंटिंगने छापत: प्रत्येक रंगास एक जाळी. सात रंग असतील तर सात जाळ्या, सात वेळा स्क्वीजी ओढायची, आणि प्रत्येक वेळी मागचा रंग वाळेपर्यंत थांबायचे. जाळी केसभर सरकली तर राक्षसाचा डोळा गालावर येतो. आमच्या मित्राने एका जुन्या पट्टीचा तुकडा भिंगाखाली धरून दाखविला, तेव्हा रंग सपाट आणि जाड दिसला. आजच्या संगणकी छपाईत तेथे ठिपक्यांचा चुरा दिसतो. हे कपाट म्हणजे मुळात फक्त कपाट, याचा पुरावा १९८१ साली मिळाला. निन्टेंडोने रडारस्कोप नावाच्या खेळाची ३,००० कपाटे अमेरिकेत आणली होती, त्यांतील सुमारे २,००० पडून राहिली. तेव्हा शिगेरू मियामोतो यांनी डाँकी काँग हा नवा खेळ रचला. अमेरिकेतील शाखेच्या मूठभर माणसांनी त्या पडीक कपाटांचे आतले भाग बदलले आणि बाहेर नव्या पट्ट्या लावल्या. आज अशा एखाद्या कपाटावर खालची जुनी खूण सापडली की संग्राहक आनंदाने उड्या मारतात.

या कपाटांवर झीज कोठे होते? हात टेकतो तेथे. आणि आणखी एक खूण असते, ती म्हणजे सिगारेटच्या डागांची. दोन्ही हात खेळात गुंतलेले; पेटलेली सिगारेट पट्टीच्या कडेवर ठेवायची, आणि ती तेथेच जळत राहायची. जुन्या पट्ट्यांवर असे तपकिरी लांबट डाग रांगेने दिसतात.

१९८३ साली हा सारा बाजार कोसळला. खेळांचा सुकाळ झाला होता, बरेच खेळ वाईट होते आणि दुकानदारांनी माल परत पाठविला. पण ते वर्ष आम्ही दुसऱ्या कारणाने लक्षात ठेवतो. फेब्रुवारीत अटारीने जाहीर केले की उत्पादनाचा मोठा भाग हाँगकाँग व तैवानला जाणार. कॅलिफोर्नियातील १,७०० जणांची नोकरी गेली. त्याच वर्षाच्या अखेरीस मिल्पिटास येथील कारखान्यात संघटना स्थापण्यासाठी मतदान झाले आणि कामगारांनी मोठ्या बहुमताने संघटना नाकारली. बाहेरून याला भ्याडपणा म्हणणे सोपे आहे. ज्याच्या शेजारचे सतराशे गेले, त्याच्या हातात मतपत्रिका दिली तर तो काय करील, हे आम्ही आमच्याकडच्या दारांवर उभे राहून पाहिले आहे. त्याच वर्षी सप्टेंबरात न विकलेला माल न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डो गावच्या कचराखड्ड्यात पुरण्यात आला. २६ एप्रिल २०१४ रोजी तो खणून काढला. सुमारे १,३०० कॅसेटी हाती आल्या. तीस वर्षे कचऱ्याखाली काढूनही काहींवरची चित्रे ओळखू येत होती. एक कॅसेट अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात गेली. ज्या छापणाऱ्याची शाई टिकली त्याचे नाव संग्रहालयासही ठाऊक नसणार.

आता मूळ मुद्द्याकडे, म्हणजे झिजलेली पट्टी पुन्हा कशी करतात. आमच्या मित्राच्या दुकानात हे चार दिवस चालले होते, आणि आम्ही पावत्यांचे निमित्त करून चारही दिवस गेलो.

पहिले काम उतरविण्याचे. केस वाळविण्याच्या यंत्राने पट्टी कोमट करायची, म्हणजे जुना गोंद मऊ होतो. मग कोपऱ्यातून, जमिनीला जवळजवळ समांतर ओढत, अतिशय सावकाश. घाई केली तर पट्टी ताणली जाते, आणि ताणलेल्या पट्टीवरून माप घेतले तर नवी लांब होते. राहिलेला गोंद स्पिरिटाने पुसायचा. नंतर पट्टी सपाट काचेवर ठेवून स्कॅन करायची. येथे पहिली अडचण. जुनी छपाई बारीक ठिपक्यांची असेल तर तिचे स्कॅन पुन्हा ठिपक्यांत छापताना ठिपक्यांवर ठिपके येऊन लाटालाटांची जाळी उमटते. दोन मच्छरदाण्या एकमेकींवर धरल्या की जे दिसते, तेच. म्हणून जाणकार माणूस स्कॅनची नक्कल छापत नाही. तो स्कॅन खाली ठेवून त्यावर एक-एक रेघ नव्याने गिरवतो. अक्षरांसाठी बाजारातील जवळचा टाइप घेऊन भागत नाही, कारण जुन्या छपाईत शाई पसरून अक्षरांचे कोपरे गोल झालेले असतात.

दुसरी अडचण रंगाची. पट्टीचा उघडा भाग पन्नास वर्षांच्या उन्हाने फिका झालेला. मग मूळ रंग कोणता? आमच्या मित्राने पट्टीची ती कड शोधली जी चौकटीखाली दबलेली होती. तेथे उजेड कधी पोहोचला नव्हता, आणि तेथले लाकूड दिसते त्याहून बरेच तांबूस निघाले. पण त्या तरुणाला तांबूस नको होते. त्याला आठवत होते तसे हवे होते. त्यावर बराच वाद झाला. अटारीच्या यंत्रावर बटणांच्या भोवती जी नारिंगी रेघ आहे तिने तर पिच्छाच पुरविला. साध्या छपाईयंत्रात निळी, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चारच शाया. त्यांच्या मिश्रणातून तो झणझणीत नारिंगी येत नाही, विटकरी येतो. त्यासाठी तयार केलेली स्वतंत्र शाई हवी. १९६३ साली पॅन्टोन कंपनीने रंगांना क्रमांक देण्याची पद्धत काढली ती याच कामासाठी. क्रमांक सांगितला की न्यू जर्सीत आणि नागपुरात एकच रंग कालवता येतो. सोनेरी-रुपेरी पट्ट्या याहून अवघड. मॅटेलच्या इन्टेलिव्हिजन यंत्रावर सोनेरी पत्रा दिसतो. शाईने सोन्याचा रंग येतो, झळाळी येत नाही. त्यासाठी धातूची झाक असलेले व्हिनाइलच घ्यावे लागते.

छापून झाल्यावर वर पारदर्शक थर, म्हणजे हाताच्या घामाने रंग जाऊ नये, आणि मग कापणे. लावताना साबणाच्या पाण्याचा हात फिरवून पट्टी तरंगती ठेवायची, जागेवर आणायची, आणि मधून बाहेर स्क्वीजी ओढत पाणी काढायचे. मोटारसायकलच्या टाकीवर पट्टा लावणारा आपला कोणताही रेडियमवाला हे झोपेत करील. जगात या छंदाचे लोक याविषयी शास्त्रासारखे बोलतात.

या छंदात दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, यंत्र कारखान्यातून निघाले तसे दिसावे. दुसरा म्हणतो, झीज हाच त्याचा इतिहास. सिगारेटचा डाग काढणे म्हणजे साक्षीदार बदलणे. आमचे मत विचाराल तर जी पट्टी सुटून लोंबते आणि रोज थोडी फाटते तिच्याविषयी भावुक होण्यात अर्थ नाही. पण जी नुसती झिजली आहे तिला हात लावू नये. आणि नवी पट्टी लावली तर तसे आतल्या बाजूस तारखेसह लिहून ठेवावे. कारण जुन्या खोक्यांना आणि कॅसेटींना आता मोठी किंमत येते, आणि नवी पट्टी जुनी म्हणून विकणारेही निघाले आहेत. चित्रावर मूळ कंपनीचा हक्क असतो, हेही खरे. ज्या चित्रकाराने ते काढले त्याचा तो क्वचितच असतो. कायद्याची ही बाजू आम्ही वकिलांवर सोपवितो.

चौथ्या दिवशी पट्टी बसली. जुनी पट्टी टाकू नये असा आम्ही आग्रह धरला. ती कागदात गुंडाळून यंत्राबरोबर दिली. आमच्या मित्राने चार दिवसांच्या कामाचे आठशे रुपये सांगितले. तरुण गेल्यावर आम्ही म्हणालो की हे फार कमी झाले. ते म्हणाले, "भाऊ, पहिल्या तीन पट्ट्या रंगात फसल्या. ती माझी चूक. चुकीचे पैसे गिऱ्हाईकाकडून कसे घेऊ?" त्या तीन पट्ट्या झाल्या नसत्या तर चौथी झाली नसती, हे आम्ही त्यांना समजावून सांगण्याचा प्रयत्न केला. तेवढ्यात एक रिक्षावाला मागच्या काचेवर मुलीचे नाव घालून घेण्यासाठी आला, आणि ते बोलणे तेथेच राहिले.